कामगार सुरक्षा मंडळे : सदस्यनियुक्तीचा इतिहास

कामाच्या ठिकाणी होणारे अपघात व व्यवसायजन्य रोग टाळण्याच्या उपायांविषयी शासनास किंवा आस्थापनेच्या चालकांस सल्ला देण्यासाठी शासन, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी घेऊन जी मंडळे, परिषदा वा समित्या स्थापन होतात, त्यांना स्थूलमानाने कामगार सुरक्षा मंडळे म्हणता येईल. देशपातळीवरील सल्लागार मंडळापासून एखाद्या कारखान्यातील सुरक्षा समितीपर्यंत त्यांचे अनेक स्तर आहेत. या मंडळांची कर्तव्ये कायद्यांतून सविस्तर सांगितलेली असतात. त्यांवर कोणी बसावे, त्यास कोणी निवडावे आणि कोणत्या कामावरील मजुरांना तेथे जागा मिळावी, हे प्रश्न मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ वादाचे राहिले आहेत. परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या उत्तरेस येलदरी येथे पूर्णा नदीवर बांधलेले मातीचे धरण व त्याच्या पायथ्याचे जलविद्युत्‌गृह या दोन शेजारच्या कामांना कायद्याने जी निरनिराळी वागणूक दिली, तिच्यावरून या वादाचे स्वरूप चांगले लक्षात येते.

मुंबईतील आरंभ : कारखान्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी भारतात नेमलेला पहिला आयोग मुंबई सरकारने १८७५ मध्ये स्थापन केला. मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांत गिरण्यांचे मालक व व्यापारी यांचा भरणा होता. कामगारांपैकी कोणी नव्हता. मुलांचे कामाचे तास आणि यंत्रांभोवतीचे कुंपण यांसंबंधी साक्षी झाल्या, तथापि बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा दिला. साधा का होईना, पण कायदा करावा, असे अध्यक्षांचे व डॉ. ब्लेनी यांचे मत पडले. ज्या यंत्रांपासून इजा होण्याचा संभव, त्या यंत्रांच्या धन्यांनीच इजेचा विचार करावयाचा, अशी ही रचना होती आणि तिचा निष्कर्ष तिच्या घडणीतच दडलेला होता. पुढे १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा व धोकादायक यंत्रांना कुंपण, एवढ्यावर त्याने समाधान मानले.

महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वर्षी नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. आयोगावर जागा नसली, तर निदान आयोगापुढे कामगाराचा शब्द पोहोचावा, हा त्यांचा मार्ग होता. १८९० मध्ये सर्व हिंदुस्थानासाठी आयोग नेमला गेला, तेव्हा मुंबईपुरते लोखंडे यांना त्या कामाशी जोडून घेण्यात आले. लोखंडे गिरणीत यंत्रावर राबणारे नव्हते. ते दीनबंधूचे संपादक व कामगारांचे पुढारी होते. कामगारांच्या वतीने बोलणारा मनुष्य कामगारच असला पाहिजे काय, हा प्रश्न त्यांच्या नेमणुकीपासूनच उभा राहिला. १८९१ च्या कायद्याने पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत मर्यादा खाली आणली, साप्ताहिक सुटी दिली आणि स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले. लोखंडे यांच्यासारख्यांनी सातआठ वर्षे धरलेल्या आग्रहाचा त्यात मोठा वाटा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे सर्व ब्रिटिश अमलाखालील मुलखात घडत होते. येलदरीचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठवाड्यात त्या काळी यंत्रोद्योग थोडेच होते. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीवरून बेतलेली ‘कारखाना’ ही संकल्पना येथे आयती येऊन पोहोचली. ती धरणाच्या कामाला कितपत लागू पडेल, याचा विचार तिच्या मुळात झालेला नव्हता.

प्रतिनिधी कोणाचा : आंतरराष्ट्रीय मजूर संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. सदस्यराष्ट्रांनी मालकांचा व कामगारांचा प्रतिनिधी आपापल्या देशातील सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावा, असे तिच्या घटनेत आहे. वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) गेले. त्यांची योग्यता वादातीत होती. परंतु देशात कामगारांची मध्यवर्ती संघटनाच नसल्यामुळे त्यांना निवडले ते शासनाने. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्यामागे ही उणीव भरून काढण्याचाही हेतू होता. म्हणजे खुर्ची आधी तयार झाली आणि तिच्यावर कोणाला बसवावे हे सांगणारी संघटना नंतर, असा हा उलटा क्रम आहे. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही मजूर आयोगावर जोशी व दिवाण चमनलाल हे कामगारपक्षाचे, तर घनश्यामदास बिर्ला व व्हिक्टर ससून हे उद्योगपती एकत्र बसले. १८७५ च्या आयोगाशी तुलना करता हा पालट मोठा होय.

मजूर खात्याचा भार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे जुलै १९४२ मध्ये आला. ७ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीस भरलेल्या बैठकीत शासन, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय परिषद आणि तिची स्थायी समिती उभारण्याचे ठरले. त्यापूर्वीच्या मजूर परिषदा शासनाच्या प्रतिनिधींच्याच असत. मालकांना व कामगारांना सल्लामसलतीच्या मेजाशी कायमची जागा देण्याची ही पद्धत पुढील काळातील बहुतेक सुरक्षा मंडळांचा साचा ठरली. भारताने त्रिपक्षीय सल्लामसलतीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (क्र. १४४) १९७८ मध्ये मान्य केला.

येलदरीचे धरण : पूर्णा ही अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणारी नदी. तिच्यावरील येलदरीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सु. ५१ मी., लांबी सु. ४.२ किमी. व एकूण पाणीसाठा सु. ९३४ दशलक्ष घ. मी. आहे. पायथ्याशी प्रत्येकी ७.५ मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजगृह आहे. वीज निर्माण करून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर येथे दुसऱ्या धरणाने अडवून कालव्यांत घेतले जाते.

चार किलोमीटरांहून लांब मातीचा बांध घालावयाचा, तर माती खणणे, वाहणे, पसरणे व दाबणे, दगड फोडणे, सांडव्याचे काँक्रीट ओतणे अशी कामे वर्षानुवर्षे चालतात. मातीचे कडे ढासळणे, सुरुंगाचे दगड अंगावर येणे, उंचावरून पडणे, मालवाहू गाड्यांखाली सापडणे हे अशा कामांवरचे नेहमीचे धोके होत. महाराष्ट्रातील माती-दगडाच्या कामांवर वडार, बेलदार आणि दुष्काळी भागांतील भूमिहीन मजूर यांचा मोठा भाग असे. त्यांत स्त्रियाही पुष्कळ. मुकादमाच्या हाताखाली टोळीने यावे, हंगाम संपताच दुसऱ्या कामावर जावे, अशी ही वस्ती.

धरणाच्या बांधकामस्थळी त्या काळी लागू असणारे कायदे पाहिले, तर विलक्षण चित्र दिसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात ‘कारखाना’ ठरण्यास उत्पादनप्रक्रिया लागते. मातीचा बांध घालणे ही त्या अर्थी उत्पादनप्रक्रिया नव्हे. धरणस्थळी यंत्रदुरुस्तीची कर्मशाळा असल्यास ती कारखाना ठरू शके, पण तिच्या दाराबाहेर पाटी वाहणारी स्त्री कायद्याच्या बाहेर राही. दगडाच्या खाणीत सुरुंगाची दारू वापरली जात असल्यास तेथे १९५२ चा खाण कायदा लागू होई. उथळ, थोड्या मजुरांच्या व दारू न वापरणाऱ्या खाणींना त्यातून सूट असे. बांधावरील मजुराला थेट ओळखणारा जुना कायदा एकच, १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बारा फूट वा अधिक उंचीच्या धरणाच्या किंवा बांधाच्या कामावरील मजूर स्पष्टपणे गणलेले आहेत. सारांश, मजूर दगावल्यावर त्याच्या वारसांना किती द्यावयाचे, याची तरतूद १९२३ पासून होती. तो दगावू नये म्हणून विचार करणारी व त्याला जागा देणारी समिती मात्र कोणत्याही कायद्याने सांगितली नव्हती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केंद्रात व राज्यांत सल्लागार मंडळे आली, पण त्यांचा विषय कंत्राटी पद्धतीचे नियमन व मजुरांच्या सोयी हा होता आणि तोपर्यंत येलदरीचा बांध पुरा होऊन गेला होता.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद : धरणाचे काम चालू असतानाच देशात औद्योगिक सुरक्षेचा विचार जोर धरीत होता. डिसेंबर १९६५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिल्लीत औद्योगिक सुरक्षा परिषद भरविली. राष्ट्रीय व राज्य पातळीवर सुरक्षा परिषदा असाव्यात, ही तिची शिफारस स्थायी श्रम समितीने फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वीकारली व ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत होते, ते पुढे नवी मुंबईत गेले. (परराष्ट्र व संरक्षण धोरणाशी संबंधित असलेल्या त्याच नावाच्या परिषदेशी तिचा काही संबंध नाही.) ४ मार्च हा दिवस १९७२ पासून राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. परिषदेच्या नियामक मंडळावर शासन, मालकसंघटना व कामगारसंघटना यांचे प्रतिनिधी असतात; तथापि ती संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था असून तिचे कार्य प्रशिक्षण, प्रचार व तांत्रिक सल्ला या स्वरूपाचे आहे. एखादे काम थांबविण्याचा अधिकार तिला नाही. हे तिचे वैगुण्य म्हणता येणार नाही, कारण ती त्यासाठी स्थापनच झाली नव्हती. परंतु अशा परिषदेमुळे कामगारांना सुरक्षेच्या निर्णयांत वाटा मिळाला, असे समजणे चुकीचे ठरेल.

याच सुमारास इंग्लंडने निराळी दिशा धरली. रोबेन्स समितीच्या १९७२ च्या अहवालानुसार १९७४ मध्ये कायदा होऊन आरोग्य व सुरक्षा आयोग स्थापन झाला. त्याच्या सदस्यांपैकी तीन मालकसंघटनांशी व तीन कामगारसंघटनांशी विचारविनिमय करून मंत्र्याने नेमावयाचे, ही अट कायद्यातच घातली होती. नेमणूक शासनाची, पण नाव सुचविण्याचा मान संघटनेचा, अशी ही मधली वाट होय. २००८ मध्ये हा आयोग त्याच्या कार्यकारी शाखेत विलीन झाला.

भारतात ही वाट अडते ती ‘सर्वांत प्रातिनिधिक संघटना कोणती’ या प्रश्नाशी. केंद्रीय कामगार संघटनांच्या सभासदसंख्येची पडताळणी ३१ डिसेंबर १९८९ व नंतर ३१ डिसेंबर २००२ या तारखांच्या आधारे झाली. दुसऱ्या पडताळणीत भारतीय मजदूर संघ पहिला, इंटक दुसरी व आयटक तिसरी ठरली. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेस मान्यता मिळण्याची सोय केली. हे मोजमाप स्थिर कामगारवर्गासाठी ठीक आहे. सहा महिन्यांनी काम व गाव बदलणाऱ्या माती-मजुराची गणना त्यात होणे कठीण, आणि ज्याची गणना नाही त्याचा प्रतिनिधीही नाही.

कारखान्यातील समिती आणि वीजगृह : भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ४१-ग नुसार अशा कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समान संख्येच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती स्थापणे चालकावर बंधनकारक झाले. राज्य शासन लेखी कारणे देऊन सूट देऊ शके. केंद्राच्या आदर्श नियमावलीत समितीची मुदत दोन वर्षे, तिमाहीत किमान एक बैठक आणि कामगार-प्रतिनिधींची कामगारांकडून निवड, अशा तरतुदी होत्या. नेमणुकीऐवजी निवडणूक, हा या इतिहासातील खरा बदल होय. १८७५ मध्ये अशक्यप्राय वाटणारी गोष्ट निदान कागदावर तरी आली.

येलदरीच्या बाबतीत या तरतुदीने एक मौजेचा पेच निर्माण केला. कारखाना कायद्याच्या व्याख्येनुसार शक्ती निर्माण करणे, रूपांतरित करणे व वाहून नेणे ही उत्पादनप्रक्रिया असल्याने धरणाच्या पायथ्याचे वीजगृह कारखाना ठरते. धोकादायक उद्योगांच्या पहिल्या परिशिष्टात वीजनिर्मिती उद्योगही आहे. परंतु त्या उद्योगातील प्रक्रिया धोकादायक ठरते ती कच्चा माल, मधले वा अंतिम पदार्थ, टाकाऊ द्रव्ये यांपासून आरोग्यास अपाय होण्याचा संभव असेल तर. औष्णिक केंद्रात कोळसा व राख आहे. जलविद्युत् केंद्रात कच्चा माल म्हणजे पाणी! उच्च दाबाची वीज, फिरते दंड, यारी, टरबाइनकडे पाणी नेणाऱ्या पोलादी नळीत उतरून करावयाची दुरुस्ती व अकस्मात येणारे पाणी हे तेथील धोके खरेच, पण रसायनांच्या धोक्यावरून बेतलेल्या व्याख्येत ते नीट बसत नाहीत. सुरक्षा अधिकारी नेमण्याची १९७६ ची अट सामान्यतः हजार कामगारांच्या कारखान्यास लागू होती, २२.५ मेगावॉटचे वीजगृह त्या संख्येच्या आसपासही जात नाही. लहान केंद्र व मोठा धोका या जोडीचा विचार संख्येवर आधारलेल्या कायद्याने फारसा केलेला नाही. एक गोष्ट मात्र कामगारांच्या बाजूची होती : १९७६ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आलेला मनुष्यही ‘कामगार’ ठरल्यामुळे वीजगृहात झाडलोट वा रंगकाम करणाऱ्या कंत्राटी मजुरास समितीच्या निवडणुकीतून वगळण्यास आधार उरला नाही.

वीजगृह राज्य वीज मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर महानिर्मिती कंपनीकडे आले. धरण मात्र शासनाच्या जलसंपदा विभागाचे. सांडव्याचे दरवाजे, त्यांची यंत्रे व बांध यांच्या देखभालीवरचा मजूर आणि वीजगृहातील कामगार यांच्यात काही मीटरांचे अंतर. मालक, कायदा व समिती ही सर्व निरनिराळी.

बांधकाम मजुरांची जागा : धरणे, कालवे, जलाशय यांचे नाव घेऊन त्यांवरील मजुरांस सुरक्षेच्या कक्षेत आणणारा कायदा १९९६ मध्ये झाला. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या या कायद्याने नियुक्तीची तीन पायऱ्यांची रचना केली. राज्य सल्लागार समितीत शासनाने नेमलेला अध्यक्ष, विधिमंडळातून निवडून आलेले दोन सदस्य, केंद्राने नामनिर्देशित केलेला एक, पदसिद्ध मुख्य निरीक्षक आणि मालक, बांधकाम कामगार, वास्तुशास्त्रज्ञ, अभियंते, अपघात विमा संस्था इत्यादींमधून राज्य शासनाने नामनिर्देशित केलेले सात ते अकरा सदस्य असावयाचे. कल्याण मंडळात शासन, मालक व कामगार यांचे सदस्य समसमान आणि किमान एक स्त्री. पाचशे वा अधिक मजुरांच्या कामावर सुरक्षा समिती. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. स्त्री सदस्याची अट पैसा वाटणाऱ्या मंडळाला घातली व अपघात टाळणाऱ्या समितीला नाही, हे मात्र खटकते. कारण पाटी डोक्यावर घेऊन उतारावर चढणाऱ्या बाईला जे दिसते ते अनेकदा कोणाच्याच अहवालात येत नाही. पाचशेच्या मर्यादेतही एक पळवाट आहे. मोठे काम लहान लहान ठेकेदारांत वाटले गेले, की प्रत्येकाकडे मजूर थोडे दिसतात. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २००७ मध्ये केले, म्हणजे कायद्यानंतर अकरा वर्षांनी. देशभरातील दिरंगाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात तीव्र शब्दांत नापसंती व्यक्त केली.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. त्यानुसार राष्ट्रीय व राज्य पातळीवर धरण सुरक्षा समित्या नेमल्या जातात व १५ मीटरांहून उंच असल्याने येलदरी त्याच्या कक्षेत येते. या समित्यांवर प्रामुख्याने अभियंते, जलशास्त्रज्ञ व संबंधित खात्यांचे अधिकारी असतात. त्यांचा विषय बांधाची मजबुती व खालच्या वस्तीचे रक्षण हा आहे. पुराच्या रात्री दरवाजे उचलणाऱ्या चौकीदाराचा किंवा यंत्रचालकाचा प्रतिनिधी त्यांत अपेक्षित नाही. सांडव्याच्या यंत्राची खरखर प्रथम त्यालाच ऐकू येते, हे लक्षात घेता ही उणीव तांत्रिकदृष्ट्याही गैरसोयीची आहे.

नवी संहिता : १९४८ चा कारखाना कायदा, १९९६ चा बांधकाम कामगार कायदा व इतर अकरा कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली गेली. तीत निरनिराळ्या सल्लागार समित्यांच्या जागी एक राष्ट्रीय व प्रत्येक राज्यात एक राज्य सल्लागार मंडळ आहे. राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष श्रम मंत्रालयाचे सचिव असून पदसिद्ध अधिकाऱ्यांखेरीज मालकांचे पाच, कामगारांचे पाच व या क्षेत्रातील पाच नामवंत अशी योजना आहे. पदसिद्ध अधिकाऱ्यांची संख्या पाहता कामगारांचे पाच हे अल्पसंख्यच ठरतात. आस्थापनेतील सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, हे तत्त्व संहितेने राखले आहे. परंतु समिती स्थापण्याचे बंधन शासनाच्या सामान्य वा विशेष आदेशावर सोपविले असून प्रतिनिधी कसे निवडावयाचे, हेही नियमांवर सोडले आहे. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी कामगारांची किमान संख्या दहावरून वीस करण्यात आली. येलदरीच्या वीजगृहासारख्या केंद्रात समिती असावी की नाही, याचा निर्णय यापुढे कच्च्या मालाच्या व्याख्येवर नव्हे, तर तशा आदेशावर अवलंबून राहतो. आणि धरणाच्या देखभालीवर ठेकेदारामार्फत येणाऱ्या आठदहा मजुरांच्या टोळीला तो आदेश लागू व्हावयाचा, तर त्यात तसे वेगळे नमूद करावे लागेल.